जलरंग सुरू करताय? आधी कागदावरची ओल ओळखायला शिका

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलंय: वय ४६, बँकेत नोकरी. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी मिळाली होती. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा पुन्हा ब्रश हातात घेतला. चोवीस ट्यूबचा बॉक्स आणला, ड्रॉइंगची वही आणली. पण कागद फुगतो, रंग मळतात, व्हिडिओत दिसतं तसं काहीच होत नाही. सुरुवात नेमकी कुठून करू? आणि मालवणजवळचं माझं माहेरचं घर मला रंगवायचं आहे, ते कधी जमेल?

ताई, मी गेली बावीस वर्षं दादरला शनिवार-रविवार जलरंग शिकवतो. तुमच्यासारख्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बहुतेकांचा हात चांगला असतो, नजरही चांगली असते. अडतं ते दोन ठिकाणी. कागद चुकीचा असतो आणि पाण्याची वेळ ओळखता येत नाही. रंग, ब्रश, विषय या सगळ्या गोष्टी त्यानंतरच्या. म्हणून मी या दोन गोष्टींवरच जास्त बोलणार आहे.

आधी तुमच्या 'अ' श्रेणीबद्दल. तिची किंमत आहेच. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र करून तुमचं रेखाटन पक्कं झालेलं असणार, आणि ते कुठेही वाया जात नाही. पण शाळेत आपल्याला रंग लावायची जी सवय लागते, ती पोस्टर कलरची असते. फिकं करायचं तर पांढरा मिसळायचा, गडद करायचं तर काळा, आणि ठरलेल्या रेषेच्या आत सपाट भरायचं. जलरंगात हे सगळं उलटं होतं. इथे पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. फिकं करायचं तर पाणी वाढवायचं. प्रकाश नंतर वरून लावता येत नाही, तो सुरुवातीपासून राखून ठेवावा लागतो. वर्गात ज्यांचा हात शाळेत सगळ्यात चांगला होता, त्यांनाच पहिले दोन महिने जास्त त्रास होतो, हे मी खूपदा पाहिलंय. तेव्हा बॉक्समधल्या पांढऱ्या आणि काळ्या ट्यूब आजच काढून कपाटात ठेवा.

आता कागद. वहीतला ड्रॉइंग पेपर किंवा कार्ट्रिज पेपर पेन्सिलीसाठी उत्तम, पण पाणी पडलं की त्याचे तंतू फुगतात, कागद लाटांसारखा होतो, खोलगट जागी रंग साचतो आणि तुम्हाला वाटतं आपलंच चुकलं. ३०० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ३०० ग्रॅम, चांगला जाड), शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस्ड कागद घ्या. कोल्ड प्रेस्ड म्हणजे मध्यम खरखरीत, पोत हाताला लागेल असा. हॉट प्रेस्ड गुळगुळीत असतो, त्यावर पाणी आवरणं नवख्या हाताला जड जातं. रफ हा सगळ्यात खरबरीत, तो नंतर. कॉटनचा कागद साध्या कागदाच्या कितीतरी पट महाग पडतो, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच पॅड घेऊ नका, सुटी शीट घ्या. फुल इम्पीरियल शीट २२ बाय ३० इंचांची असते. तिचे आठ समान भाग केले की ७.५ बाय ११ इंचांचे आठ तुकडे मिळतात. पाठपोट वापरले तर सोळा चित्रं. महिन्याला दोन शीट म्हणजे बत्तीस वेळा रंगवणं झालं. फोर्टात आणि दादरला चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानांत सुटी शीट मागितली की देतात. फक्त गुंडाळी करून लोकलमधून आणू नका, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट आणा.

मुंबईत कागदाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण व्हिडिओ करणाऱ्या बाहेरच्या देशांतल्या लोकांना ती कधी सुचत नाही. जलरंगाच्या कागदाला जिलेटिनसारख्या पदार्थाचं साइझिंग केलेलं असतं. त्यामुळे रंग लगेच आत न मुरता वर थोडा वेळ थांबतो आणि आपल्याला काम करता येतं. आपल्याकडची दमट हवा हे साइझिंग खाते. एका पावसाळ्यात मी सहा महागडी शीट पलंगाखाली उघडी ठेवली होती. सप्टेंबरात पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, टाकला आणि आकाशात जागोजागी टीपकागदासारखे गडद ठिपके उठले. रंग तिथे आत शोषला जात होता. सहाही शीट गेली. तेव्हापासून माझे कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, कपाटाच्या वरच्या खणात असतात, भिंतीला टेकलेले नसतात. बूट, पर्स, औषधांच्या बाटल्या यांच्याबरोबर येणाऱ्या त्या छोट्या पुड्या फेकू नका, साठवा. पॅलेटचंही तसंच. काम झाल्यावर ओली पॅलेट बंद केली तर जुलैत चार दिवसांत रंगावर बुरशी येते. पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, मगच मिटा.

रंगांचं थोडक्यात सांगतो. चोवीसपैकी सहा पुरे. लेमन यलो, यलो ऑकर, एक गुलाबीकडे झुकणारा लाल, एक केशरीकडे झुकणारा लाल, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सायना, म्हणजे तांबूस तपकिरी. ट्यूबच्या पाठीवर रंगद्रव्याचा कोड छापलेला असतो, तो वाचायची सवय लावा. अल्ट्रामरीनचा कोड पीबी २९. एकाच ट्यूबवर तीन-तीन कोड असतील तर तो आधीच मिश्रण केलेला रंग आहे. त्यात तुम्ही आणखी दोन मिसळले की मळणारच. गुलाबी लालसाठी जुना अलिझरिन क्रिमसन, म्हणजे पीआर ८३, घेऊ नका. उजेडात तो उडतो. क्विनाक्रिडोन रोज, पीव्ही १९, घ्या, तो टिकतो. कॅम्लिनचे आर्टिस्ट दर्जाचे रंग शिकायला अगदी व्यवस्थित आहेत. परदेशी रंगांत पैसे अडकवू नका, ते कागदात घाला. ब्रश दोनच: १२ नंबरचा गोल सिंथेटिक, ज्याचं टोक ओलं केल्यावर सुईसारखं येतं, आणि एक इंची चपटा. दुकानात पाण्याची वाटी मागून टोक बघूनच घ्या.

पॅलेटसाठी घरातली पांढरी चिनी मातीची ताटली सर्वात चांगली. त्यावर आज रात्री जेवणं झाल्यावर एक गोष्ट करून बघा. एका बाजूला अल्ट्रामरीन, दुसऱ्या बाजूला बर्न्ट सायना, मध्ये दोन चमचे पाणी. दोन्हीकडून थोडं थोडं मध्ये ओढा. आधी मिळेल निळसर राखाडी, जुलैतल्या आभाळाची. सायना वाढवत जा, की ती राखाडी उबदार होत जाईल, जुन्या चाळीच्या भिंतीसारखी. पाणी कमी करा, की जवळजवळ काळा मिळेल, पण मेलेला काळा नाही. आत निळं किंवा तपकिरी दिसत राहतं. मग तीच राखाडी कागदावर सोडा आणि जवळून बघा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि सायना वर पसरतो, म्हणून एकाच डागात दोन रंग दिसतात. या एका जोडीवर तुम्ही वर्षभर मुंबई रंगवू शकता. काळी ट्यूब कपाटात ठेवायला का सांगितली, ते इथे कळेल.

आता मुख्य गोष्ट, पाण्याची वेळ. कागदावर पाणी किंवा पातळ रंग टाकला की तो वाळेपर्यंत चार अवस्थांतून जातो. ट्यूबलाइटकडे तोंड करून बसा, कागद डोळ्यांच्या पातळीला आणा आणि तिरका बघा. सुरुवातीला पाणी साचलेलं दिसतं, हलवलं की वाहतं. थोड्या वेळाने पाणी वाहत नाही, पण कागद साटीनसारखा चमकतो. हीच उत्तम वेळ. आत्ता रंग सोडला की तो मऊ पसरतो, ढगाची कड, धुकं, पाण्यातलं प्रतिबिंब हे सगळं याच दोन-चार मिनिटांत होतं. मग चमक जाते. कागद सुकल्यासारखा दिसतो, पण हाताची पाठ टेकवली तर गार लागतो. ही घातक वेळ आहे. आत्ता ओला ब्रश लावलात तर नवं पाणी आधीच्या रंगाला ढकलत नेतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दातेरी कड उठते. ती नंतर निघत नाही. शेवटी कागद गार लागायचा थांबला की तो सुकला, मग वर दुसरा थर द्यायला मोकळे.

एवढं कळलं की एक साधा नियम हाताशी येतो: कागद जितका ओला, त्यापेक्षा ब्रशमध्ये पाणी कमी हवं. चमकत्या कागदावर दाट रंग सोडा, पातळ नको. प्रत्येक वेळी रंग उचलल्यावर ब्रश जुन्या सुती फडक्यावर एकदा टेकवा. वर्गात मी नवख्यांच्या डाव्या हातात फडकं सक्तीने देतो. उजवा हात रंगवतो, पण पाणी डावा हात सांभाळतो.

तुमचे रंग मळतात त्याचं मुख्य कारणही इथेच आहे. तिसऱ्या अवस्थेत, म्हणजे अर्धवट ओलसर कागदावर, तुम्ही दुरुस्ती करायला जात असणार. खालचा रंग उचलला जातो, वरच्यात मिसळतो, मग तुम्ही आणखी घासता. कागदाला हात लावायचा नसतो अशी ती वेळ. खुर्चीवरून उठा, चहा टाका. दुसरं कारण पाणी. एकाच भांड्यात ब्रश धुवून त्याच पाण्याने रंग पातळ केला की प्रत्येक रंगात थोडी राखाडी जाते. दोन बरण्या ठेवा, एक धुवायला, एक फक्त स्वच्छ पाण्याची.

आणि हे वेळेचं गणित मुंबईत ऋतूनुसार बदलतं. डिसेंबर-जानेवारीच्या दुपारी हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, चमक बघता बघता जाते. जुलैत तोच वॉश अर्धा तास गार लागत राहतो. म्हणून 'पाच मिनिटं थांबा' असं कुणी सांगितलं तर घड्याळ बघू नका, कागद बघा. पंख्याखाली वाळवताना बोर्ड पंख्याच्या बरोबर खाली ठेवू नका, एक बाजू आधी सुकते आणि तिथे रेघ येते. हेअर ड्रायर चालेल, पण चमक गेल्यानंतरच. आधी लावला तर हवा रंगाला ढकलते. आणखी एक: वाळल्यावर रंग फिका होतो. ओला असताना बरोबर वाटला तर वाळल्यावर कमी पडेल, म्हणून ताटलीतच थोडा गडद करायचा.

पहिल्या महिन्यात चित्र काढू नका. आठवड्यातून तीन संध्याकाळी, पाऊण पाऊण तास, फक्त वॉश द्या. कागद मास्किंग टेपने बोर्डवर चारही बाजूंनी चिकटवा, बोर्डखाली एक जाडसर पुस्तक सरकवून वरची बाजू उचला. वाटीत रंग भरपूर करून ठेवा, मध्येच संपला तर पट्टा बिघडतो. चपटा ब्रश भरून वरून डावीकडून उजवीकडे एक पट्टा ओढा. पट्ट्याच्या खालच्या कडेला उतारामुळे रंगाची फुगीर ओळ साचते, पागोळी पडायच्या आधी पत्र्याच्या कडेला थेंब जसे लटकतात ना, तशी. पुढचा पट्टा त्या ओळीला जेमतेम शिवून ओढायचा. ओळ खाली सरकते. असं शेवटपर्यंत नेत जायचं. तळाशी आल्यावर ब्रश फडक्यावर पिळून ती ओळ अलगद टिपून घ्यायची. मध्ये कुठेही मागे वळून हात लावायचा नाही. दहा-बारा वेळा केल्यावर एक दिवस सपाट, स्वच्छ, एकसारखा निळा चौकोन समोर येईल, आणि तो बघून काय वाटतं ते तुम्हीच अनुभवा. मग प्रत्येक पट्ट्यात थोडं पाणी वाढवत तोच वॉश वरून गडद, खाली फिका करा. ते तुमचं आकाश.

दुसऱ्या महिन्यात एकाच रंगात, म्हणजे निळा-सायनाच्या त्या राखाडीत, एक वांगं. मी सगळ्यांना वांग्यापासूनच सुरू करायला लावतो. गडद जांभळी, चकचकीत साल आणि तिच्यावर खिडकीचा लख्ख चौकोनी उजेड. तो चौकोन कोरा कागद म्हणून राखायचा, त्याच्याभोवतीने रंग फिरवायचा. डोळे बारीक करून बघा, तपशील जातात आणि फक्त तीन छटा उरतात: उजेड, मधली, अंधार. त्या तीन बरोबर बसल्या की वांगं कागदावरून हातात घ्यावंसं वाटतं. पुढे टोमॅटो, केळं, पितळी तांब्या.

'जलरंग म्हणजे फिकट, हलका प्रकार' हा समज तुमच्या मनातही असेल तर तो काढून टाका. म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये हातात दिवा घेतलेल्या तरुणीचं जे चित्र आहे, ते सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचं. अनेक जण ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. ते जलरंग आहे, आणि दिवा धरून त्यांची मुलगीच उभी होती. तो गडद अंधार आणि चेहऱ्यावरची दिव्याची ऊब पाण्याच्या रंगात आणलेली आहे. जेजे स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून आणि बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून मुंबईत आहे. इथे जलरंगाची परंपरा जुनी आहे, आणि डोंबिवलीहून ती एका लोकलच्या अंतरावर आहे. महिन्यातून एक दिवस जहांगीर आर्ट गॅलरीत जा. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. जलरंगाचं प्रदर्शन असेल तर चित्रापासून वीतभर अंतरावर उभ्या राहा आणि एवढंच शोधा: पांढरा कागद कुठे कुठे सोडलाय? कुठली कड मऊ आहे, कुठली धारदार? म्हणजे चित्रकाराने तिथे कागद ओला असताना हात लावला की वाळल्यावर? मोबाइलच्या पडद्यावर हे दिसत नाही. तिथे बसलेले चित्रकार विचारलं तर मनापासून सांगतात.

तुमचा रोजचा प्रवासही कामाला लावा. धीम्या गाडीने जात असाल तर दिवा स्टेशन सुटल्यावर मुंब्र्याचे डोंगर बघा. जवळचा कडा हिरवा-तपकिरी, त्यामागचा निळसर, त्याहून मागचा आकाशात विरघळलेला. पावसाच्या आदल्या दिवशी आणि पाऊस पडून गेल्यावर हे अंतर वेगवेगळं दिसतं. गर्दीत वही काढता येणार नाही. मनात म्हणा, याला किती पाणी, त्याला किती. सराव असाही होतो.

बाहेर बसून रंगवायला तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर निघा. रविवारी सकाळी सातला फोर्ट रिकामा असतो. एशियाटिकच्या पायऱ्या, हॉर्निमन सर्कलची कमान, नाहीतर वाळकेश्वरला बाणगंगेच्या पायऱ्या. सावलीत बसा. उन्हात कोरा कागद डोळ्यांवर येतो आणि रंग गडद होत जातात. गेल्या गेल्या सावल्यांच्या कडा पेन्सिलीने आखून घ्या, तासाभरात त्या सरकतात, आणि मधूनच नव्या सावल्या घातल्या तर चित्रात दोन सूर्य होतात. लोक मागे उभे राहतील. राहू द्या. एखादा पोरगा विचारेल, 'काकू, हे काय?' त्याला सांगा आणि हात चालू ठेवा.

आता तुमचं माहेरचं घर. त्याला हात लावायला पाच-सहा महिने जाऊ द्या, आणि ते फोटोवरून करणार असाल तर एक लक्षात ठेवा. फोटोत उजेडात अंगण येतं आणि पडवी काळीकुट्ट होते. कॅमेऱ्याला तिथलं काही दिसलेलं नसतं. तुम्हाला मात्र आत काय होतं ते ठाऊक आहे. म्हणून आधी फोटो बाजूला ठेवून आठवणीतून पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन छटांत घर मांडा: अंगण कोरं, भिंत मधली, पडवी गडद. ते बसलं की मोठ्या तुकड्यावर जा. घराची भिंत जांभ्या दगडाची असेल, तर बर्न्ट सायनात गुलाबी लालाचा एखादा ठिपका मिसळून सगळी भिंत एकदम ओली रंगवा. चिरा चिरा वेगळा काढत बसू नका. कागद साटीनसारखा चमकत असेल तेव्हा खालच्या भागात, जिथे पावसाचं पाणी उडून शेवाळ धरतं, तिथे अल्ट्रामरीन आणि ऑकरचा दाट हिरवा फक्त टोकाने टेकवा आणि हात मागे घ्या. तो आपणहून वर चढेल. पूर्ण वाळल्यावर चार-पाच चिऱ्यांच्या कडा ब्रशच्या टोकाने दाखवा, बाकीच्या बघणाऱ्याला दिसतील. पडवीचा अंधार त्याच राखाडीने, पण निळा जास्त ठेवून. त्यात दाराच्या चौकटीएवढी एक फट ऑकरची राहू द्या, मागचं परसदार उघडं असल्यासारखी.